कोरॉनची बुडालेली जहाजं: आत शिरायचं की नाही, आणि शिरलं तर किती

प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही आणि तुमच्या मित्राने मालवणात ओपन वॉटर हा स्कूबाचा पहिला कोर्स आणि अंदमानात अॅडव्हान्स्ड हा पुढचा केलाय, प्रत्येकी पस्तीसेक डाइव्ह झाल्यात. फेब्रुवारीत पाच दिवस फिलिपिन्समधल्या कोरॉनला जायचंय. तिथल्या बुडालेल्या जपानी जहाजांपैकी कोग्यो मारूची इंजिनरूम आणि इराको, दोन्ही आतून बघायची आहेत. तिथल्या डाइव्ह शॉपनं कळवलंय की टॉर्च असला की पुरे, गाइड पुढे असतोच. तुम्ही विचारताय की रेक डायव्हरची स्पेशॅलिटी, म्हणजे बुडालेल्या जहाजांवरच्या डाइव्हचा खास कोर्स, आधी करावी का, नायट्रॉक्स, म्हणजे जास्त ऑक्सिजन मिसळलेली हवा, घ्यावं का आणि परतीच्या वाटेसाठी टाकायच्या दोरीचं रीळ कुठलं घ्यावं. सोबत तुम्ही एक आकडा दिलाय: १५ मीटरच्या सरासरी खोलीवर तुमची टाकी २०० वरून ५० बारवर (बार म्हणजे दाबाचं माप) यायला ४० मिनिटं लागतात. हा आकडा दिलात ते फार बरं केलंत, निम्मं उत्तर त्यातच आहे.

रीळ तूर्त बाजूला ठेवा. तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे. तुम्ही आत आहात, गाळ उठला, हाताची बोटं दिसेनाशी झाली आणि गाइड कुठल्या बाजूला आहे तेही कळेना. अशा वेळी तुम्ही दोघं स्वतःच्या हवेवर, स्वतःच्या स्वतः दारापर्यंत परत येऊ शकाल का? येऊ शकत असाल तर आत जा, गाइड असो वा नसो. नसाल, तर पुढे कितीही अनुभवी माणूस असला तरी जाऊ नका, कारण त्यालाही त्या क्षणी तुम्ही दिसत नसता. मी जे काही सांगणार आहे ते या एकाच प्रश्नाभोवती आहे.

यातलं बरंच परिस्थितीवर ठरतं. कुठलं जहाज, कुठलं दार, त्या दिवशी पाणी किती स्वच्छ, आत तुमच्या आधी दुसरा गट जाऊन आलाय का, तुमचं तरंगणं किती स्थिर आहे. तुम्हाला पाण्यात बघितल्याशिवाय शेवटची गोष्ट कुणीच सांगू शकणार नाही, म्हणून ती स्वतः तपासायची रीत खाली देतो.

आधी ही जहाजं तिथं का आहेत ते. २४ सप्टेंबर १९४४ च्या सकाळी अमेरिकन नौदलाच्या टास्क फोर्स ३८ मधल्या विमानवाहू जहाजांवरून उडालेल्या विमानांनी कोरॉनच्या उपसागरात नांगरलेला जपानी पुरवठ्याचा ताफा गाठला. तीनच दिवस आधी मनिलावर हल्ले झाले होते आणि तिथून निसटलेली जहाजं इथल्या बेटांच्या आडोशाला येऊन थांबली होती. विमानं पाचशे किलोमीटरहून जास्त अंतर कापून आली आणि आडोसा कामी आला नाही. तुमच्या दृष्टीनं महत्त्वाचा मात्र तो आडोसाच. बेटांनी घेरलेलं पाणी म्हणून लाटांनी जहाजं फोडली नाहीत, आजही ती ओळखू येतात. आणि त्याच शांत पाण्यामुळे ऐंशी वर्षांचा बारीक चिखल त्यांच्या खोल्या-खोल्यांत साचून बसलाय. नोव्हेंबर २०१३ चं हैयान वादळ थेट याच बाजूनं गेलं. लोखंड तर दरवर्षी पातळ होतंच आहे. त्यामुळे जुन्या वर्णनात ‘सुरक्षित वाट’ म्हणून लिहिलेली वाट आज तशी असेलच असं धरू नका.

जहाजं सगळी एका मापाची नाहीत. ओकिकावा मारू हे तेलवाहू जहाज दीडशे मीटरहून लांब, जवळपास सरळ बसलेलं. डेक साधारण १० ते १६ मीटरवर आणि तळ २६ च्या आसपास. जुन्या याद्यांत हेच तैएई मारू नावानं सापडेल. ऑलिंपिया मारूही त्याच पट्ट्यातलं, थोडं खोल. या दोन्हींवर मालाच्या कोठ्या, म्हणजे होल्ड, वरून इतके उघडे आहेत की तिथं फिरताना मान वर केली तरी पाणी दिसतं. पहिल्या दिवसासाठी हीच दोन. ओकिकावाच्या पिछाडीला पंख्याच्या शाफ्टच्या बोगद्यातून इंजिनरूमकडे जाणारी एक वाट आहे, गाइड मंडळी ती हौसेनं दाखवतात. ती एकेरी आहे, अरुंद आहे आणि मध्येच वळून परत फिरायला जागा नाही. तुमच्या अनुभवाला ती नाही.

कोग्यो मारू उजव्या कुशीवर पडलंय. वरची बाजू २२ मीटरवर लागते, तळ ३४ च्या पुढे. धावपट्टी बांधायचं सामान भरलेलं होतं: दगड झालेली सिमेंटची पोती, एक छोटा बुलडोझर. होल्ड प्रशस्त आहेत आणि बुलडोझर बघायला इंजिनरूमपर्यंत जावं लागत नाही. अकित्सुशिमा हे समुद्री विमानांची देखभाल करणारं जहाज, ११० मीटरहून लांब, डाव्या कुशीवर, तळ ३६ ते ३८ मीटर. त्याची विमानं उचलणारी प्रचंड क्रेन बाहेरच वाळूत आडवी पडली आहे आणि माझ्या मते कोरॉनमधलं सगळ्यात देखणं दृश्य तेच आहे. इराको हे आरमाराला अन्नधान्य पुरवणारं शीतगृहवालं जहाज. डेकच २८ ते ३५ मीटरवर आणि तळ ४२-४३. तुमचं अॅडव्हान्स्डचं कार्ड ३० मीटरपर्यंतचं आहे, म्हणजे इराको या खेपेला यादीतून गेलं. वाईट वाटून घेऊ नका. जिथं डेकवर पोचतानाच तुमच्या प्रशिक्षणाची हद्द संपते, तिथं आत जाण्याचा विषयच निघत नाही. शिवाय कार्डाच्या बाहेर जाऊन केलेल्या डाइव्हला तुमचा विमा लागू होतो का, ती अटही पॉलिसीत वाचून घ्या.

आता आतला धोका नेमका काय ते बघू. लोकांना वाटतं, गाळ फक्त फिन्स जमिनीला लागले की उठतो. अर्धं खरं. तुम्ही सोडलेले बुडबुडे छताला जाऊन आपटतात आणि गंजाचे पापुद्रे सुटून वरून पाऊस सुरू होतो. म्हणजे तुम्ही हात-पाय न हलवता नुसते स्थिर थांबलात, तरी दोन-तीन मिनिटांत दृश्य धूसर व्हायला लागतं. आत जाताना स्वच्छ दिसलेली खोली परत येताना तशी नसते. पहिल्या डायव्हरला स्वच्छ, चौथ्याला काहीच नाही. गट मोठा असेल तर शेवटच्यानं काय बघायचं, हा प्रश्नच आहे. आणि गंजाची ही भुकटी इतकी हलकी की खाली बसायला काही मिनिटं नाही, कधीकधी तास लागतात. ‘जरा थांबू, मग दिसेल’ हे तिथं चालत नाही.

दुसरी गोष्ट कुशीवर पडलेल्या जहाजाची. तिथं भिंत ही जमीन असते, दार जमिनीत किंवा छतात असतं, जिने आडवे झालेले असतात. ज्या बोळातून खलाशी उभे चालत जात, तो तुमच्यासाठी एक उंच पण चिंचोळी फट होतो किंवा उलट, गुडघाभर उंचीचा खण. नकाशा पाठ करून गेलात तरी डोकं तो फिरवून घेत नाही, आणि ३० मीटरवर नायट्रोजनची हलकी झिंग असते ती वेगळीच. अशा वेळी वर कुठे ते बुडबुड्यांकडे बघून कळतं. बाहेर कुठे, ते मात्र बुडबुडे सांगत नाहीत. त्याला दोरी लागते.

हवेचा हिशेब करू, कारण ‘किती आत’ याचं उत्तर तिथं आहे. तुमची टाकी ११.१ लिटरची अॅल्युमिनियमची धरतो. १५० बार खर्च म्हणजे १६६५ लिटर, ४० मिनिटांत, २.५ बार दाबाखाली. पृष्ठभागावरचा तुमचा खर्च मिनिटाला साधारण १७ लिटर निघतो. पस्तीस डाइव्हच्या मानानं चांगला आहे. ३० मीटरवर दाब ४ बार, म्हणजे खर्च मिनिटाला ६८ लिटर. टाकीच्या काट्यावर मिनिटाला सहा बार.

आता कुणाचीही हवा संपली तर दोघांनी एका टाकीवर वर येण्यापुरती हवा किती लागेल? घाबरलेला माणूस सहज २५ लिटर ओढतो, दोघांचे ५०. खाली गोंधळ निस्तरायला एक मिनिट: ५० गुणिले ४, २०० लिटर. ३० वरून ५ मीटरवर मिनिटाला ९ मीटरच्या वेगानं यायला तीन मिनिटं, सरासरी दाब २.७५: सुमारे ४१० लिटर. ५ मीटरवर तीन मिनिटांचा थांबा: २२५ लिटर. बेरीज ८३५ च्या आसपास, म्हणजे ७५ बार. ८० धरा. हे ८० बार जहाजाच्या बाहेरचे आहेत. दारातून बाहेर पडून वर जायला सुरुवात करताना काट्यावर एवढे असलेच पाहिजेत. ‘५० बारवर बोटीत’ हा नियम उघड्या समुद्रातल्या १५-१८ मीटरच्या डाइव्हसाठी ठीक आहे. इथं तो अपुरा पडतो.

खाली उतरून, एकमेकांना तपासून दारापाशी पोचेपर्यंत २०० चे १७५ झालेले असतील. त्यातून ८० वजा केले की उरले ९५. याचे तीन भाग: एक आत जायला, एक बाहेर यायला, एक राखीव. म्हणजे ३० बार. दाराशी १७५ असतील तर १४५ ला फिरायचं, समोर काहीही असो. ३० बार म्हणजे तुमच्या खर्चानं पाच मिनिटं. बस. एका टाकीवर ३० मीटरवर आत जाण्याचं तुमचं बजेट पाच मिनिटांचं आहे, आणि इंजिनरूमपर्यंत जाऊन ती बघून परत फिरायला ते बहुतेक वेळा पुरत नाही. राखीव तिसरा भाग ही चैन समजू नका. गाळ उठला की बाहेर यायला आत जाण्याच्या दुप्पट वेळ लागतो, श्वासही दुप्पट होतो, आणि तो भाग तिथंच जातो. तुम्हा दोघांत ज्याचा खर्च जास्त, त्याच्या आकड्यावर दोघांचा हिशेब बांधा.

याला जोडून मनोरंजनासाठीच्या डायव्हिंगचा एक नियम आहे, तो फार कमी लोक आकड्यांत मांडून बघतात. बंदिस्त जागेत असताना पृष्ठभागापासूनचं एकूण अंतर, म्हणजे खोली अधिक आतलं अंतर, ४० मीटरच्या आत हवं, आणि बाहेरचा नैसर्गिक उजेड सतत दिसत राहायला हवा. कोग्योचं दार २६ मीटरवर असेल तर आत १४ मीटर. संपलं. इराकोला ३५ मीटरवरच्या दारातून आत मिळतात ५ मीटर, म्हणजे डोकावण्यापुरतेच. उजेडाची परीक्षा सोपी आहे: टॉर्च छातीशी दाबून धरा. काळोख झाला तर तुम्ही हद्दीबाहेर आहात. दाराचा निळा चौकोन दिसत राहिला तर ठीक. होल्डमध्ये हा चौकोन मोठा असतो, म्हणून होल्ड ही तुमची जागा आहे. इंजिनरूम, शाफ्टचा बोगदा आणि खलाशांच्या खोल्या नाहीत.

मग दोरी कशाला, दार दिसतंय तर? कारण ते दिसतंय तोवरच दिसतंय. रीळ छोटं घ्या, ३० ते ४५ मीटर दोरीचं, साधारण दोन मिलिमीटर जाडीची विणलेली पांढरी नायलॉन. १०० मीटरचं रीळ तुमच्या कामाचं नाही, ते फक्त अडकायला मिळेल. पहिली गाठ दाराच्या बाहेर, उघड्या पाण्यात, अशा ठिकाणी की तिथून सरळ वर जाता येईल. दुसरी दारातून आत शिरल्या-शिरल्या. त्यानंतर दर काही मीटरवर एखाद्या भक्कम गोष्टीला वेढा. पातळ नळ्या, लोंबत्या तारा आणि भिंतीचे कापरे काठ टाळा. गंजलेल्या पत्र्यावर दोरी घासली तर ब्लेडवर धरल्यासारखी तुटते. दोरी ताणलेली ठेवा, एकाच भिंतीला धरून, खालच्या बाजूला. आणि टाकताना प्रत्येक वेढ्याला स्वतःला विचारा: डोळे मिटून मी या दोरीवरून येऊ शकेन का? दोन खांबांच्या फटीतून दोरी गेली असेल तर ती जाईल, तुम्ही जाणार नाही. अंधारात हीच फट लोकांना अडवते.

परत येताना अंगठा आणि पहिलं बोट यांचं कडं करून दोरी त्यात सैल धरायची, ओढायची नाही. रीळवाला आत जाताना पहिला आणि बाहेर येताना शेवटचा. दिसेनासं झालं तर मागचा पुढच्याच्या दंडाला किंवा पोटरीला धरतो. पुढे ढकललं म्हणजे चला, दाबून धरलं म्हणजे थांबा. खुणा कुठल्याही असोत, बोटीवरच ठरवा. एखादी छोटी स्पूल, म्हणजे दांडा नसलेली दोरीची चकती, दुसऱ्याकडेही असू द्या: मुख्य दोरी हातातून सुटली तर जिथं आहात तिथंच तिचं टोक बांधून शोध घेता येतो, नाहीतर तुम्ही शोधता-शोधता आणखी आत जाता.

हे सगळं कोरडं शिकता येतं आणि शिकावंच. घराच्या हॉलमध्ये खुर्च्या, टेबलं, दारांच्या कड्या यांना दोरी टाका, दिवे घालवा, डोळ्यांना पट्टी बांधा, मित्राला मागे धरून बाहेर या. मग कुणालातरी मध्येच दोरीवर अडथळा करायला सांगा. तारकर्लीच्या डाइव्ह इन्स्टिट्यूटच्या पुलात किंवा तुमच्या शहरातल्या एखाद्या क्लबच्या पुलात मास्कला काळा कागद लावून तेच करा. मालवणात आपल्याकडे पाणी अनेकदा गढूळ असतं, त्याची एरवी तक्रार होते. या सरावाला तेच पाणी उत्तम.

स्थिर तरंगण्याची परीक्षा अशी: वाळूच्या तळापासून हातभर वर पाच मिनिटं एका जागी राहा. गुडघे मागे दुमडलेले, फिन्स वर, अंग आडवं. त्या पाच मिनिटांत टॉर्च काढा, परत अडकवा, मास्कमध्ये पाणी घेऊन काढा, मित्राला हवा द्या. खाली वाळूचा ढग उठला नाही आणि खोली अर्ध्या मीटरहून जास्त बदलली नाही तर तुम्ही होल्डमध्ये जाऊ शकता. बेडकासारखे पाय मारायला आणि मागे सरकायला येत नसेल तर आधी ते शिका. वर-खाली पाय मारायची नेहमीची पद्धत आत वापरली की मागच्या माणसाचं दृश्य संपलं.

सामानात भर घालण्याआधी लोंबतं सगळं काढा. ऑक्टोपस (मित्राला हवा द्यायचं जादा तोंडातलं), गेज, जॅकेटमध्ये हवा भरायच्या इन्फ्लेटरचा पाइप, सगळं अंगाशी. लोंबणारी प्रत्येक वस्तू एकतर गाळ उठवते किंवा अडकते. टॉर्च दोन हवेत, प्रत्येकाकडे, दोन्ही पूर्ण चार्ज. भाड्याचा टॉर्च एकच मिळतो आणि तिसऱ्या डाइव्हला मंद होतो. गाळात टॉर्च मास्कजवळ धरू नका, बाजूला लांब धरा; नाहीतर धुक्यात गाडीचा अप्पर लावल्यासारखं सगळं पांढरं होतं. दोरी कापायला छोटा कटर छातीवर, दोन्ही हातांनी पोचेल असा. पोटरीला बांधलेला मोठा सुरा अडकल्यावर हाती लागत नाही. पाणी उबदार असतं, ३ मिलिमीटरचा पूर्ण सूट थंडीपेक्षा गंजलेल्या पत्र्यांसाठी घाला. जायच्या आधी धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते बघा.

एक मर्यादा मात्र सामानानं सुटत नाही, टाक्या बदलल्याशिवाय. नेहमीच्या ऑक्टोपसचा पाइप सुमारे मीटरभर असतो. अरुंद वाटेत दोघांना शेजारी-शेजारी जाता येत नाही. एकामागे एक जाताना हवा द्यायची तर दोन मीटरचा पाइप लागतो, आणि रेग्युलेटर किंवा व्हॉल्व्ह बिघडला तर दुसरा स्वतंत्र स्रोत लागतो. म्हणून खऱ्या अर्थानं आत जाणारे लोक पाठीवर जोडटाकी किंवा साइडमाउंट, म्हणजे दोन्ही कुशींना एकेक टाकी, वापरतात. इंजिनरूमचं स्वप्न तिकडचं आहे. ते बघायचंच असेल तर त्या प्रशिक्षणाचा रस्ता धरा. तोवर होल्ड, डेक, ब्रिजचा, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीचा, उघडा भाग.

नायट्रॉक्सबद्दल. घ्या, पण ज्या कारणासाठी तुम्ही म्हणताय त्यासाठी नाही. तुम्हाला वाटतंय की ३२ टक्के ऑक्सिजनच्या मिश्रणानं खाली जास्त वेळ मिळेल. वरचा हिशेब बघा: ३० मीटरवर साध्या हवेला डीकॉम्प्रेशनशिवाय, म्हणजे वर येताना नायट्रोजन बाहेर टाकायला सक्तीचे थांबे न घेता, साधारण २० मिनिटं मिळतात, आणि तुमची टाकी ८० वर यायलाही जवळपास तेवढीच लागतात. पहिल्या डाइव्हला तुमचा वेळ टाकी ठरवते. नायट्रॉक्सचा फायदा दुसऱ्या-तिसऱ्या डाइव्हला आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिसतो, अंगात नायट्रोजन साचत जातो तेव्हा. झिंग मात्र त्यानं कमी होत नाही. आणि खोलीची मर्यादा विसरू नका: ऑक्सिजनचा दाब १.४ बारच्या वर गेला की तो अंगाला घातक ठरू शकतो, आणि ३२ टक्के मिश्रणाला ती हद्द ३३ मीटरवर येते. कोग्योचा तळ त्याच्या खाली जातो, तेव्हा तळाशी उतरू नका. इराकोच्या तळाला हेच मिश्रण १.६ ओलांडतं, तिथं ते चालतच नाही. टाकीतलं प्रमाण स्वतः मोजून, टाकीवर स्वतः लिहा.

स्पेशॅलिटीचं उत्तर: करा, पण कुठे करताय ते बघून. चार डाइव्हचा कोर्स आहे. काही ठिकाणी त्यात दोरी किनाऱ्यावर एकदा आणि पाण्यात एकदा हातात देतात आणि कार्ड देतात. नोंदणीआधी विचारा: दोरी किती वेळा टाकायला मिळेल, डोळे झाकून सराव असेल का, एका प्रशिक्षकामागे किती जण. कोरॉनमध्येच पहिल्या दोन दिवसांत तो करता येईल, उगाच वेगळा प्रवास नको.

गाइडला पहिल्या संध्याकाळीच गाठा. ‘माझ्या मागून या’ हे वाक्य तिथं रोज बोललं जातं आणि बरीच मंडळी दोरी न टाकता आत नेतात, कारण त्यांना वाट पाठ असते. तुम्हाला नसते. विचारा: या वाटेला बाहेर पडायची दारं किती, किती अंतरावर? आमच्यासोबत आणखी किती जण? १४५ ला आम्ही फिरलो तर तुम्ही फिरणार का? बोटीवर ऑक्सिजन आहे का, आणि सगळ्यात जवळचं रीकॉम्प्रेशन चेंबर (नायट्रोजनचा त्रास झालेल्या डायव्हरवर दाबाखाली उपचार करायची खोली) आज चालू आहे का? ५ मीटरवर जादा टाकी टांगता येईल का? सरळ उत्तरं देणारा गाइड मिळाला तर त्याचं ऐका, तो तुमच्यापेक्षा त्या जहाजाला फार चांगलं ओळखतो. आणि आम्ही बाहेरूनच बघणार असं सांगितल्यावर त्याचा चेहरा पडला, तर बाहेरूनच बघा आणि दुसऱ्या दिवशी गाइड बदला.

दोन-तीन गोष्टी पटकन. छताला हवेचा कप्पा साचलेला दिसला तर त्यात तोंड काढून श्वास घेऊ नका; गंज चढताना त्यातला ऑक्सिजन संपलेला असतो. तोफगोळे, दारूगोळा दिसला तर हात लावू नका. त्या काळच्या जपानी दारूगोळ्यात पिक्रिक आम्ल हे स्फोटक असे, आणि धातूशी संयोग होऊन त्याचे क्षार आणखी संवेदनशील होतात. इतकी वर्षं पडून राहिलं म्हणून ते निकामी झालं असं नसतं. कप, बाटल्या, नळ, काहीही वर आणू नका. या जहाजांवर माणसं मेली आहेत, आणि चोरी किती थराला जाते ते जावाच्या समुद्रात दिसलंय: १९४२ मध्ये बुडालेल्या डच युद्धनौका २०१६ मध्ये जागेवरून गायबच असल्याचं आढळलं, भंगारासाठी कापून नेलेल्या. आणि आधारासाठी हात टेकवण्याआधी बघा. गंजलेल्या कडेवर लायनफिश आणि स्कॉर्पियनफिश हे विषारी काट्यांचे मासे हमखास असतात. काटा लागलाच तर डाइव्ह संपवून वर या आणि तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या आत, अर्धा ते दीड तास ठेवा. पाण्याची उष्णता दुसऱ्याच्या हातानं तपासा, दुखऱ्या माणसाला भाजल्याचं कळत नाही.

कोरॉनच हवं असा हट्ट नसेल तर दोन पर्याय सांगतो. बालीतल्या तुलांबेनचं लिबर्टी: ११ जानेवारी १९४२ ला लोंबोकजवळ टॉर्पेडो लागलेलं अमेरिकन मालवाहू जहाज, किनाऱ्याला लावलं गेलं आणि १९६३ च्या आगुंगच्या उद्रेकात पाण्यात सरकलं. किनाऱ्यावरून चालत जायचं, ५ ते ३० मीटर, आणि सांगाडा इतका उघडा की बंदिस्त जागा जवळजवळ नाहीच. दोरी टाकायच्या सरावाला याहून चांगली जागा नाही. दुसरं आपल्या जवळचं, श्रीलंकेच्या बट्टिकलोआ बाजूचं ब्रिटिश सार्जंट, ९ एप्रिल १९४२ ला जपानी विमानांनी बुडवलेलं तेलवाहू जहाज, साधारण २४ मीटरवर. त्याच दिवशी त्याच किनाऱ्यावर बुडालेलं हर्मिस हे विमानवाहू जहाज ५० मीटरच्या पलीकडे आहे, त्याचा आत्ता विचार नको. तिथला हंगाम एप्रिल ते सप्टेंबर, म्हणजे फेब्रुवारीत जमणार नाही.

पाच दिवसांची मांडणी माझ्या हिशेबी अशी: पहिल्या दिवशी ओकिकावा आणि ऑलिंपिया, फक्त बाहेरून, पट्ट्यातलं शिशाचं वजन नीट करून घ्यायला. दुसऱ्या दिवशी तिथेच दोरी, होल्डमध्ये. तिसऱ्या दिवशी कोग्यो, एक डाइव्ह बाहेरून आणि दुसरी होल्डमध्ये बुलडोझरपर्यंत. चौथ्या दिवशी सकाळी अकित्सुशिमा, बाहेरून, क्रेन डोळे भरून बघा पण ३० मीटरच्या वरच राहून. दुपारी पाणी नको. शेवटची डाइव्ह आणि बुसुआंगाहून, म्हणजे कोरॉनच्या विमानतळावरून, मनिलाचं विमान यांच्यात २४ तास ठेवा. अनेक दिवस रोज दोन-तीन डाइव्ह झाल्यावर १८ तासांची किमान मर्यादा मी पुरेशी धरत नाही. पाचव्या दिवशी लुसाँगची गनबोट स्नॉर्केल लावून बघा, ओहोटीला तिचा एक भाग पाण्याबाहेर येतो. फक्त वरून तरंगत बघा. आदल्या दिवशीच्या स्कूबानंतर श्वास रोखून खाली बुड्या मारू नका.